धुण्याच्या यंत्रांतील रवी

रत्नागिरीच्या घरांत धुण्याचा प्रश्न वर्षांतून दोनदां अवघड होतो. पावसाळ्यांत पाणी उदंड, पण वाळवणास ऊन नाहीं. वैशाखांत ऊन उदंड, पण विहिरीनें तळ गांठलेला. जांभा सच्छिद्र असल्यामुळें आषाढांत पडलेलें पाणी त्यांतून भराभर झिरपून जातें. त्यांत भर तांबड्या मातीची. तिचा रंग लोहाच्या गंजाचा. तो साबणांत विरघळत नाहीं. मातीचा कण धाग्यांच्या जाळ्यांतून हलवूनच बाहेर काढावा लागतो. घरची बाई कपडा दगडावर आपटते, चुबकते, पिळते, तें एवढ्याचसाठीं. तिच्या कंबरेचे आणि मनगटांचे श्रम मुख्यतः खर्ची पडतात ते कपड्यांतून पाणी आरपार ढकलण्यांत. हें ध्यानांत आलें म्हणजे कपडे धुण्याच्या यंत्राचें मर्म समजण्यास वेळ लागत नाहीं.

पहिल्या यंत्रांत हें मर्म पुरतेपणीं उतरलें नव्हतें. लांकडी पिंपाच्या झांकणास आंतून खुंट्या बसविलेल्या असत आणि त्या कपड्यांना धरून पाण्यांतून फरफटत नेत. मळ निघे, पण कपड्यावर ताणही फार पडे. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत न्यूटन या गांवीं मेटॅग कंपनीनें १९२२ सालीं हा क्रम उलटा केला. हॉवर्ड स्नायडर या तिच्या यंत्रज्ञानें झांकणाच्या खुंट्या काढून टाकल्या आणि पातीं असलेला दांडा पिंपाच्या तळांतून वर आणला. पात्यांनीं कपड्यास न ओढतां पाण्यास ढकलावें आणि पाण्यानें कपडा धुवावा, अशी ही योजना होती. पुढें वरून कपडे टाकावयाच्या यंत्रांत हाच दांडा रूढ झाला. तो कधीं ॲल्युमिनियमचा, कधीं काळ्या बेकेलाइटचा, तर नंतर प्लॅस्टिकचा होऊं लागला.

मराठी घरास या दांड्याची ओळख नवी नाहीं. डेऱ्यांत ताक करतांना रवीस दोरीचे वेढे देऊन दोन्ही हातांनीं ती आळीपाळीनें ओढतात. रवी एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे फिरते. यंत्रांतील दांड्याची चालही अशीच आहे. तो एकाच दिशेनें फिरत राहिला तर पाणी आणि कपडे मिळून गरगर फिरूं लागतील आणि धाग्यांतून प्रवाह फारसा जाणार नाहीं. दिशा पालटली कीं पाणी एकीकडे आणि कपडा दुसरीकडे जाऊं पाहतो. त्या झटापटींत मळ सुटतो. दोरीचें काम येथें दांतेरी चाकें करतात. मोटार एकाच दिशेनें फिरते. तिनें चालविलेली भुजा पंख्याच्या आकाराचें एक दांतेरी चाक मागेंपुढें ढकलते आणि तें चाक मधला दांडा सुमारें अर्धें वर्तुळ नेऊन परत आणतें. जुन्या यंत्रांत असे हेलकावे मिनिटास साधारण ६० ते ७० होत.

परंतु सर्व धुणें एका जातीचें नसतें. मांजरपाटाच्या जाड चादरीस जो जोर हवा, तो मलमलीच्या पातळास सोसत नाहीं. नऊवारी लुगडें तर सव्वाआठ मीटर लांब. तें दांड्यास वेढे घालतें, पिळवटतें आणि प्रसंगीं फाटतें. म्हणून रवीचा जोर कमीजास्त करण्याच्या तऱ्हा निघाल्या.

पहिली तऱ्हा वेगाची. एकाच मोटारींत चार ध्रुवांचें आणि सहा ध्रुवांचें अशीं दोन वेष्टनें असतात. भारतांतील विजेवर चार ध्रुवांची मोटार मिनिटास १,५०० फेऱ्यांच्या किंचित् आंत फिरते, सहा ध्रुवांची १,००० च्या आंत. कळ फिरवितांच ६६ हेलकाव्यांचे ४४ होतात आणि नाजूक वस्त्र बचावतें.

दुसरी तऱ्हा कमानीची. रवीची दोरी आंखूड ओढली तर रवी थोडीच फिरते. तसेंच भुजेची खुंटी चाकाच्या मध्याजवळ आणली तर दांड्याची कमान लहान होते. हें माप मात्र बहुधा कारखान्यांतच ठरून येतें.

तिसरी तऱ्हा पात्यांची. कांहीं दांड्यांच्या पात्यांचीं टोकें लवचिक ठेविलेलीं असत. भार पडला कीं तीं वांकत. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत मोठ्या पिंपांत बसणारी एक लहान टोपली काढली. थोडे आणि नाजूक कपडे तींतच धुवावयाचे. १९७० नंतरच्या दशकांत दोन तुकड्यांचा दांडा आला. त्याचा खालचा भाग मागेंपुढें हलतो; वरचा मळसूत्री भाग खटक्यामुळें एकाच दिशेनें फिरतो आणि वर तरंगणारे कपडे खालीं ओढतो.

हा उंच दांडा कोंकणांत फारसा रुजला नाहीं. त्यास पिंप भरून पाणी लागे; धुणें आणि खळबळणें धरून एका खेपेस सुमारें १५० लिटर, म्हणजे दहा-बारा घागरी. वैशाखांत एवढें पाणी कोणी द्यावें? भारतांत १९८० नंतर जीं यंत्रें घरोघर आलीं, त्यांतील पुष्कळांच्या तळाशीं दांड्याऐवजीं उथळ चकती होती. दोन टाक्यांच्या यंत्रांत साबणाचें तेंच पाणी दुसऱ्या धुण्यासही चालतें आणि शेजारची पिळणारी टाकी श्रावणांत उपयोगी पडते. या चकतीचा जोरही बदलतां येतो. ‘नाजूक’ अशी कळ लावली कीं चकती थोडा वेळ फिरते आणि अधिक वेळ थांबते. तेव्हां जोर कमी होतो तो विसांव्यामुळें.

यंत्र कोणतेंही असो, कळीचा उपयोग जाणून करावा. वाळलेली माती आधीं झटकावी, पिंप ठासून भरूं नये, लांब लुगडें जाळीच्या पिशवींत घालावें आणि जाड कपड्यांपासून वेगळें धुवावें. कपड्यांस पाण्यांत हलावयास जागा राहिली, तर रवीस थोडा जोर पुरतो. वस्त्र टिकतें, पाणी वांचतें आणि दगडावर वांकणाऱ्या पाठीस विसांवा मिळतो.