आगीचा हिशेब, आग लागण्याआधी

आमच्या बाजारात अग्निशमन दलाचा माणूस तपासणीला येणार अशी खबर लागली की निम्मे गाळे दुपारीच शटर ओढून घेतात. उरलेल्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "आता हा किती खर्चात पाडणार?" आम्हीही त्यांतलेच. तीस वर्षे कापडाचा धंदा केला, पण तपासणीला आलेल्या माणसाला पोटमाळ्यावर काय आहे हे कधी सरळ सांगितले नाही. म्हणून न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन दलाने गेल्या काही वर्षांत आगीचा जो हिशेब मांडला, त्याची हकिकत वाचून आम्हाला आधी आश्चर्य वाटले आणि मग थोडी शरम वाटली.

हजारो नोंदी कॉम्प्युटरमध्ये एकत्र करायच्या आणि त्यावरून पुढे काय घडण्याचा संभव आहे याचा अंदाज काढायचा, याला डेटा ॲनालिटिक्स म्हणतात. नाव बोजड आहे, काम आपल्या ओळखीचे आहे. उधारीवर माल देताना आपण काय बघतो? मागचा चेक परत आला होता का, दुकानात माल हलतो आहे का, ट्रान्सपोर्टवाल्याचे भाडे थकले आहे का, दलाल नाव घेताना क्षणभर थांबतो का. यातली एकटी गोष्ट काहीच सिद्ध करत नाही. पण तीन-चार गोष्टी जमून आल्या की आपण हात आखडता घेतो. न्यूयॉर्कने इमारतींच्या बाबतीत हाच तजुर्बा कॉम्प्युटरला शिकवला.

कापडाच्या धंद्याला त्या शहराच्या आगी परक्या नाहीत. २५ मार्च १९११ रोजी तेथील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मेले, बहुतेक शिलाईकाम करणाऱ्या तरुण मुली. आग आठव्या ते दहाव्या मजल्यावर आणि बंबाची शिडी जेमतेम सहाव्यापर्यंत पोहोचणारी. एक दरवाजा कुलूपबंद. त्यानंतर कायदे झाले, तपासण्या सुरू झाल्या. पण कायदा कागदावर असणे आणि तपासनीस योग्य दारात वेळेवर उभा असणे यांत फरक आहे, हे त्या शहराला पुन्हा शिकावे लागले.

१८ ऑगस्ट २००७ ची गोष्ट. २००१ च्या हल्ल्यात निकामी झालेली डॉइश बँकेची उंच इमारत पाडण्याचे काम चालू होते. तिला आग लागली. जवान आत शिरले, वर चढले, पण नळाला पाणी येईना. इमारतीतून वर पाणी नेणारा मोठा पाइप तळघरातच तोडून ठेवलेला होता. दोन जवान मेले. पाडकाम चालू असलेल्या इमारतीची दर १५ दिवसांनी तपासणी करायची असा नियम होता. ती वर्षभराहून अधिक काळ झालीच नव्हती, आणि अग्निशमन केंद्र तर शेजारीच होते. एक माणूस जिना उतरून तळघरात गेला असता तर तुटका पाइप डोळ्यांना दिसला असता.

चौकशा झाल्या तेव्हा उघडे पडले की कोणत्या इमारतीची तपासणी केव्हा करायची, हे केंद्राकेंद्रांतल्या कागदी कार्डांवर आणि तेथील अधिकाऱ्याच्या आठवणीवर चालत होते. इमारत पाडायचा परवाना दुसऱ्या खात्याकडे, विजेची तक्रार तिसऱ्याकडे, आणि कोणाचे कागद कोणाला दिसत नव्हते. आमच्या एका जुन्या मुनीमजींची आठवण झाली. रोजमेळ एका कपाटात, उधारीची वही दुसऱ्या, आणि दोन्हींच्या चाव्या त्यांच्याच कमरेला. ते आजारी पडले की दुकान आंधळे.

त्यानंतर न्यूयॉर्कच्या दलाने जोखमीवर आधारलेली तपासणी सुरू केली. शहरात सुमारे १० लाख इमारती, त्यांतल्या दलाने तपासायच्या सुमारे ३ लाख ३० हजार. एका वर्षात सगळ्या बघणे अशक्य. तेव्हा सुमारे ६० बाबींवरून प्रत्येक इमारतीला जोखमीचा आकडा दिला जाऊ लागला. इमारतीचे वय, विजेच्या तक्रारी, ती ओस पडली आहे का, छतातून पाणी फवारणारी यंत्रे किती आणि कोठे आहेत, वस्ती किती गरीब आहे, अशा त्या बाबी. ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडे आधी जायचे. तपासणीत जे दिसले ते नोंदवून ठेवायचे. कोठला जिना बंद आहे, कोठली जमीन कुजली आहे, हे बंब निघतानाच जवानांच्या हाती पडावे अशीही तेथे सोय आहे.

त्याच सुमारास त्या शहराच्या महापौर कार्यालयात माइक फ्लॉवर्स नावाच्या वकिलाने आणखी एक काम केले. एका घराचे बेकायदा दहा खण पाडून भाडेकरू कोंबायचे, हा तेथील घरमालकांचा जुना धंदा. अशा घरांतल्या आगीत जवान जखमी होण्याचा किंवा मरण्याचा धोका इतर आगींच्या १५ पट, असा तेथला हिशेब आहे. वर्षाला सुमारे २५,००० तक्रारी येत आणि बघायला तपासनीस २००. फ्लॉवर्सच्या माणसांनी १९ खात्यांच्या नोंदी एकत्र केल्या. कर थकला आहे का, वीज-पाण्याचा वापर अचानक बदलला आहे का, रुग्णवाहिका किती वेळा आली, उंदरांच्या तक्रारी किती. पूर्वी १०० तक्रारींमागे १३ ठिकाणी घर रिकामे करण्याचा हुकूम निघे. नव्या यादीप्रमाणे तपासनीस जाऊ लागले तेव्हा ते प्रमाण ७० च्या वर गेले. माणसे तेवढीच होती.

यातली एक गोष्ट आमच्या कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवावी. ऑफिसात बसलेले हे लोक तपासनिसांबरोबर स्वतः फिरले. एका इमारतीसमोर जुना तपासनीस म्हणाला, ही ठीक आहे. कशावरून? तर बाहेरून विटांचे नवे काम दिसते आहे म्हणून. जो मालक भिंतीवर पैसा घालतो तो घराची अगदीच नासाडी होऊ देत नाही, असा त्याचा अनुभव. परत येऊन त्यांनी विटकामाच्या परवान्यांची नोंद हिशेबात धरली आणि अंदाज सुधारला. म्हणजे कॉम्प्युटरला अक्कल आली ती रस्त्यावर झिजलेल्या माणसाच्या नजरेतून. कापडाला हात लावून सुताचा काउंट सांगणारे उस्ताद आपल्याकडेही आहेत. त्यांना कोण विचारतो?

अटलांटा शहराचे काम आम्हाला व्यापारी म्हणून त्याहून महत्त्वाचे वाटले. २०१५ साली जॉर्जिया टेक या संस्थेतील विद्यार्थी तेथील अग्निशमन दलाबरोबर बसले. दल वर्षाला अडीच हजारांच्या आसपास जागा तपासत असे. विद्यार्थ्यांनी धंद्याच्या परवान्यांच्या याद्या आणि इतर नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा तपासणीच्या यादीत नसलेल्या पण तपासणीला पात्र वाटणाऱ्या आणखी ६,०९६ जागा सापडल्या. दल निष्काळजी होते असे नव्हे. त्या जागा त्याला ठाऊकच नव्हत्या.

आता दुसरी बाजू. आकडा म्हणजे इमानदार माणूस नव्हे, तो जसा भरला तसा बोलतो. न्यूयॉर्कमध्येच १९६९ साली रँड संस्थेचे एक केंद्र निघाले आणि त्याने अग्निशमन दलासाठी गणिते मांडली. बंबाला पोहोचायला किती वेळ लागतो हे मोजून कोणत्या तुकड्या बंद करता येतील ते सांगितले. १९७२ पासून तुकड्या बंद होऊ लागल्या आणि गरीब वस्त्यांवर त्याचा मोठा घाव बसला. १९७० ते १९८० या काळात ब्रॉन्क्स भागातील सात जनगणना-प्रभागांतल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती आगीत किंवा ओस पडून गेल्या. कारणे अनेक होती, विम्यासाठी लावलेल्या आगीही होत्या. पण जो फ्लड यांनी २०१० साली लिहिलेल्या 'द फायर्स' या पुस्तकात त्या गणितांवर नेमके बोट ठेवले आहे. पोहोचण्याचा वेळ मोजणे सोपे होते म्हणून तोच मोजला. रस्त्यातील गर्दी नीट धरली नाही, आणि एकाच रात्री तीन आगी लागतात तेव्हा काय, हे पुरेसे पाहिले नाही.

आमच्या मोहल्ल्यांची गोष्ट येथेच अडते. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. गाळ्याची नोंद 'घर', मीटर घरगुती, कामगार कोणाच्या वहीत नाहीत. उद्या कोणी आपल्या शहराचा असा हिशेब मांडला तर आपली गल्ली त्यात साधी राहती वस्ती म्हणून येईल. जोखीम कमी. बंबाचे नवे केंद्र दुसरीकडे जाईल, आणि आपण म्हणू की आमच्याशी भेदभाव झाला. भेदभाव होतो, आम्ही नाकारत नाही. पण वहीत जे आपणच लिहू दिले नाही, त्याची फिर्याद कोणाकडे करणार?

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले. मालक त्यात गेले, त्यांच्या घरचे लोक गेले, लहान मूल गेले, कामगार गेले. कारखान्यातच राहणे होते. ती बातमी आली त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. त्याचे कारण सोलापूर नव्हते. आमच्या स्वतःच्या गोदामात पोटमाळ्यावर चार मुले झोपत होती आणि विम्याच्या फॉर्मवर आम्ही पोटमाळा 'रिकामा' लिहून दिला होता. खाली कापडाच्या गाठी, मागच्या दारासमोर चिंध्यांची पोती. आग लागली असती तर जवानांनी वर कोणी नाही असेच धरले असते.

मुलांची झोपायची सोय आम्ही दुसरीकडे केली. पोती हलवली. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून आगीच्या यंत्रणेचा दाखला घेऊन द्यावा लागतो. त्याला आपण 'बी फॉर्म' म्हणतो आणि चहा पाजून सही घेतो. यंदा आम्ही एजन्सीच्या माणसाला नळ उघडून दाखवायला सांगितले. पाणी आले, पण पिण्याच्या नळाला येते तेवढेच. मोटर दुरुस्त करायला खर्च आला. लहान दुकानदाराला तो जड जाईल हे आम्ही जाणतो, आणि व्यापारी संघटनेने अशा खर्चाची सोय आधी करावी, मग उपदेश करावा.

नंतर एका साध्या कागदावर गोदामाचा नकाशा काढला. मीटर कोठे, माल कोठे, मागचे दार कोणत्या गल्लीत उघडते, रात्री किती माणसे. तो घेऊन जवळच्या अग्निशमन केंद्रावर गेलो. तेथला अधिकारी चकित झाला. कागद आपणहून घेऊन येणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. तो कागद ठेवायला त्याच्याकडे ठरलेली फाइल नव्हती. थोडा विचार करून त्याने तो काचेखाली टेबलावर लावला आणि विचारले, "शेजारच्या गाळ्यांचे काय?"

शेजारी आमच्यासकट ११ गाळे आहेत. आतापर्यंत तिघांनी कागद दिला आहे.