उमेदवार : एका शब्दाचा प्रवास

पदवी हातात पडल्यावर माणूस कोण असतो? विद्यार्थी राहिलेला नसतो आणि नोकरदार झालेला नसतो. या मधल्या अवस्थेला मराठीत एक जुने, नेमके नाव आहे : उमेदवार. आज हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांत आणि परीक्षेच्या प्रवेशपत्रावर भेटतो. पण त्याचे जुने घर म्हणजे कचेरी. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि नोकरीच्या आशेवर असलेला तो उमेदवार. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती निघाली १८५७ साली, तेव्हा हा शब्द त्याच अर्थाने रुळलेला होता. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची.

कचेरीतला उमेदवार पगाराविना कारकुनाशेजारी बसे. नकला करी, मोडीचे वळण घोटी, कोणता कागद कोणत्या रुमालात बांधला आहे ते लक्षात ठेवी. जागा रिकामी झाली की साहेबापर्यंत त्याचे नाव जाई. हे सारे दिवस घरच्या धान्यावर काढायचे असत. म्हणूनच ही उमेदवारी ज्यांचा काका-मामा आधीच दफ्तरात होता त्यांचीच बहुधा असे. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला त्या बैठकीवर कोण बसू देणार? तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. त्या उमेदवाराला रोज सकाळी जायला एक ठिकाण होते, हाताला काम होते आणि ते काम रोज पाहणारे कोणी होते. ‘उमेदवारी करणे’ हे मराठीत क्रियापद झाले ते यामुळेच. तो नुसता वाट पाहत नव्हता, काहीतरी करत होता.

विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते. १८६६ साली कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक असे फिरत १८७१ मध्ये ते पुण्याला न्यायखात्यात आले. पदवीधर बोटांवर मोजण्याइतके असतानाची ही गोष्ट! पुढे महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात हे शिक्षण कारकून आणि शाळामास्तर घडवण्यापुरतेच आहे, व्यवहाराला उपयोगाचे नाही, असे रोखठोक मांडले. कारकुनी हे शिक्षणाचे फळ ठरले होते, आणि फळे वाढली तशी झाडे वाढली नाहीत.

आता पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत या. अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, कॉट बेसिसवर घेतलेली खोली, महिन्याची मेस, टेस्ट सिरीज. बीड, परभणी, बुलढाण्याकडून आलेल्या मुलामुलींना ‘सध्या काय करता?’ असे विचारले, तर उत्तर एका शब्दात येते : ‘तयारी.’ कशाची, ते सांगावे लागत नाही. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६ साली ३३ वरून ३८ झाली. मागास प्रवर्गांसाठी ती ४३ आहे. सवलत मागणाऱ्यांनी रास्तच मागितली. पण तिचा दुसरा परिणाम असा, की एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्याची उमेदवारी सतरा वर्षे चालू शकते. मराठीत ‘उमेदीची वर्षे’ म्हणतात ती नेमकी हीच.

जुन्या उमेदवारीशी हिची तुलना केली की फरक दिसतो. अभ्यासिकेतल्या मुलाला ठिकाण आहे, पण त्याचे भाडे तोच भरतो. तो दहा तास राबतो, पण त्या श्रमाचे जगाच्या लेखी काही मोल नाही. यादीत नाव आले तर सगळे मोजले जाते, दोन गुणांनी हुकले तर काहीच नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याच्या निर्णयावर २०२३च्या फेब्रुवारीत पुण्यात मोठे आंदोलन झाले आणि तो बदल २०२५ पर्यंत लांबला. बाहेरच्यांना ते अभ्यासक्रमाचे भांडण वाटले. माझ्या मते भांडण वेगळे होते : ज्या श्रमांवर आपली ओळख उभी केली, ते एका परिपत्रकाने रद्दबातल व्हायचे होते.

गावाकडे तर ओळख आधीच वाटून झालेली असते. पारावर त्याला ‘साहेब’ म्हणतात, सुरुवातीला कौतुकाने आणि तीन-चार वर्षांनी जरा वेगळ्या सुरात. मग तो दिवाळीला घरी जाणे टाळू लागतो. मुलींची मुदत त्याहून कमी. त्यांची वयोमर्यादा आयोग ठरवत नाही, सोयरीक ठरवते.

सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला सहा महिने महिना १०,००० रुपये विद्यावेतन, आणि बसायला बऱ्याचदा सरकारी कार्यालयातलीच खुर्ची. कचेरीतला उमेदवार विद्यावेतनासह परतला म्हणा ना! पुढे मुदत वाढली. मात्र जुन्या उमेदवाराला जागा रिकामी होण्याची जी आशा होती, ती या योजनेत लिहिलेली नाही. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले, ते स्वाभाविकच होते.

‘पदवीधर’ ही ओळख राज्यघटनेला तेवढी मान्य आहे. विधान परिषदेच्या ७८ पैकी ७ जागा पदवीधर मतदारसंघाच्या. नोकरी आहे की नाही, कोणी विचारत नाही. (प्रस्तुत लेखकाकडे पदवी नसल्याने त्याला तिथे मत नाही, तक्रारही नाही.) अट एवढीच, की पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावीत.

तोवर पेठेतली पहिली तुकडी पांगू लागलेली असते. कोणी तलाठी होतो, कोणी शेतीकडे वळतो, कोणी बँकेच्या परीक्षेकडे. काही जण त्याच गल्लीत राहतात आणि क्लासमध्ये शिकवतात किंवा भाड्याच्या दोन खोल्यांत स्वतःची अभ्यासिका काढतात. नव्या मुलांना खुर्ची दाखवताना ते कोणाला ‘काय करतोस?’ असे विचारत नाहीत.