वाचता येते म्हणून शिकवता येते?

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत ताप्ती लाइनच्या रेल्वेने आलेला खान्देश पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे. पुरुष लूम्सवर बारा-बारा तासांची पाळी करतात, बायका घरी साड्यांना टिकल्या आणि लेस लावतात. यांतल्या ज्यांची शाळा राहून गेली त्यांना शिकवायचा विषय निघाला, की लोक म्हणतात, ‘त्यात काय एवढं? लिहिता-वाचता येणारा कुणीही शिकवेल.’

हा सर्वांत मोठा गैरसमज. 2022 ते 2027 या काळासाठी आखलेला ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम पाच कोटी प्रौढांना साक्षर करू पाहतो, तोही विनामानधन स्वयंसेवकांच्या बळावर. सेवाभावाचे मोल मोठेच आहे; पण स्वयंसेवक अप्रशिक्षित असला तरी चालेल, असा त्याचा अर्थ नाही. ‘एकाने एकाला शिकवावे’ ही पद्धत 1930च्या सुमारास फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटावर रुजवणाऱ्या फ्रँक लाउबाख यांनीही निव्वळ सदिच्छेवर भिस्त ठेवली नव्हती. चित्र, शब्द आणि अक्षर यांची सांगड घालणारे तक्ते त्यांनी शिकवणाऱ्याच्या हाती दिले होते.

‘निदान शाळेतल्या शिक्षकाला तरी वेगळे प्रशिक्षण नको’ हेही खरे नाही. लहान मुलाला संख्येची ओळख करून द्यावी लागते. नगावर मजुरी घेणारी बाई मात्र आठवड्याचा हिशेब तोंडी चोख करते. तिला हवी असते तो हिशेब कागदावर मांडण्याची रीत. तिच्यापुढे मणी मोजायला ठेवले तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही, आणि तिचे बरोबरच असेल. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते. त्यामुळे ‘डोक्यात शिरत नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी काहींना आधी चष्मा लागतो. शिक्षकाला हे पहिल्या आठवड्यातच ओळखता आले पाहिजे.

वेगाचा प्रश्न तर याहून अवघड. अक्षर-अक्षर जुळवत वाचणारा प्रौढ वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो. अक्षरे येतात, अर्थ हाती लागत नाही. यावर उपाय एकच: ओळखीचा छोटा मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचणे. बाराखडी संपली म्हणजे शिकवणे संपले असे मानणारा वर्ग नेमका इथेच मोडतो. दिवसपाळी आणि रातपाळी बदलली की शिकणाऱ्याचे वर्ग बुडतात. मागचा धागा जोडून देणे हेसुद्धा शिकवण्याचेच कौशल्य आहे.

मग शिकवायचे कोणत्या भाषेत? ‘सुरतेत राहायचे तर गुजरातीच,’ असा आग्रह धरला जातो. जनगणनेच्या व्याख्येत मात्र सात वर्षे किंवा त्याहून मोठी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून लिहू-वाचू शकली की ती साक्षर ठरते. सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. शिवाय मराठी शिकवतो म्हटले तरी घरची बोली बहुधा अहिराणी असते. तिथे डोळा हा ‘डोया’ असतो आणि पाणी हे ‘पानी’. याला चूक म्हणून हटकणारा शिक्षक प्रौढाचे तोंडच बंद करतो. आधी बोलीतला शब्द ऐकून घ्यावा, मग छापील रूप दाखवावे. पुढे गुजराती पाट्यांकडे वळताना शिरोरेघ गेली की ग, न, म, प जवळजवळ तेच राहतात; क, ख, ज, ब मात्र नव्याने शिकवावे लागतात. एवढी तयारी सुरतेतल्या मराठी शिक्षकाजवळ हवीच.

‘एकदा प्रशिक्षण झाले, आता काय?’ हा शेवटचा गैरसमज. साताऱ्यात 1959 साली प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती महाराष्ट्रभर पसरली. पण वर्गानंतर जिथे वाचायला काही मिळाले नाही, तिथे शिकलेले ओसरले. ‘उल्लास’ची परीक्षा वाचन, लेखन, संख्याज्ञान मिळून 150 गुणांची आहे, तिच्या प्रमाणपत्रानंतर बँकेची पावती, रेशनचा अर्ज, मोबाइलवरचा संदेश वाचून घेण्याचे काम उरते. त्यासाठी शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे, एकाने दुसऱ्याचा वर्ग पाहावा, कोण कुठे अडखळले याची नोंद समोर ठेवावी. लिंबायतच्या एखाद्या पालिका शाळेतली संध्याकाळची रिकामी खोली एवढ्याला पुरेल.