अडुळसा : काढा आणि पुरावा

अडुळसा हे खोकल्यावरचं जुनं घरगुती औषध. पिंपळगाव राजासारख्या वऱ्हाडी गावांत हे झुडूप धुऱ्यावर कुंपण म्हणूनही सोयीचं ठरतं, कारण त्याच्या कडू पानांना शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही. पान नुसतं कुटून पिळलं तर रस फारसा निघत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे शार्ङ्गधरसंहितेतला पुटपाक. कुटलेल्या पाल्याचा गोळा दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि लेप लाल होईपर्यंत निखाऱ्यात भाजायचा. पाला आतल्या आत स्वतःच्या वाफेवर शिजतो आणि मग पिळल्यावर भरपूर रस देतो. हा रस मधातून घेतात.

पानातलं व्हॅसिसीन हे अल्कलॉइड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये वेगळं केलं. पुढे त्याच्या रेणूवरून ब्रोम्हेक्झीन तयार झालं आणि 1963 मध्ये औषध म्हणून बाजारात आलं. शरीरात ब्रोम्हेक्झीनपासून जे ॲम्ब्रोक्सॉल बनतं, तेही पुढे स्वतंत्र औषध झालं. दोन्ही औषधं चिकट कफ पातळ करतात. कफ सिरपच्या बाटल्यांवर ही नावं ठळक छापलेली असतात; ज्या झुडपापासून हा शोध सुरू झाला, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते.

तरीही ब्रोम्हेक्झीनचा गुण काढ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. ते मूळ रेणूत बदल करून घडवलेलं, मोजून दिलेलं औषध आहे. पानातलं व्हॅसिसीन झाडागणिक आणि ऋतूनुसार कमीजास्त होतं. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात अडुळशाच्या अर्काने फुप्फुसांचा दाह कमी झाला, पण तो उंदरांमध्ये. माणसांवरच्या चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. उलट रसात मिसळलेल्या मधाच्या बाजूने तुलनेने भक्कम पुरावा आहे. मुलांच्या खोकल्यावरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कोक्रेन आढाव्यानुसार, काहीच न देण्यापेक्षा मध दिल्यास खोकला बहुधा अधिक कमी होतो.

व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा टाळावा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बॉट्युलिझमचा धोका असतो. खोकला दोन आठवडे टिकला, तर काढ्यावर विसंबून न राहता क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी.