भूक, कायदा आणि समाजमन : भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या निमित्ताने

प्रस्तावना

दारिद्र्यातून गुन्हेगारी जन्माला येते, हे विधान समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा आले आहे की ते आता स्वयंसिद्ध मानले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची दुसरी बाजू तपासावयाची आहे. दरिद्री मनुष्य गुन्हा का करतो, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून त्याचे दरिद्री दिसणे हाच गुन्हा केव्हा आणि कसा ठरतो, हे पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे उत्तर मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ या कायद्यात सापडते. कालांतराने त्याच्या नावातील 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आले. आशय तोच राहिला.

कायद्याची व्याख्या

सार्वजनिक ठिकाणी भीक मागणे वा स्वीकारणे एवढ्यापुरती या कायद्याची व्याख्या मर्यादित नाही. गाणे म्हणणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करून दाखविणे किंवा एखादी वस्तू विकावयास पुढे करणे, असे कोणतेही निमित्त असले तरी ती भीकच होय, असे त्यात म्हटले आहे. त्याही पुढे जाऊन, ज्या व्यक्तीजवळ उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि जी सार्वजनिक ठिकाणी अशा अवस्थेत फिरते वा थांबते, की ती भिकेवर जगत असावी असे वाटावे, तीही या व्याख्येत समाविष्ट होते. म्हणजे हात पसरण्याचीदेखील गरज नाही. कपडे फाटके असणे आणि जाण्यास घर नसणे पुरेसे आहे. अशा व्यक्तीस पोलीस वॉरंटाशिवाय ताब्यात घेऊ शकतात. न्यायालयाने संक्षिप्त चौकशीनंतर तिला दोषी ठरविल्यास किमान एक व कमाल तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्ध ठेवता येते. पुन्हा भीक मागणार नाही अशा हमीवर ताकीद देऊन सोडण्याची मुभा न्यायालयास आहे. परंतु वारंवार दोषी ठरणाऱ्यासाठी हीच मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. तिच्यावर सर्वस्वी अवलंबून असणाऱ्यांनाही स्थानबद्ध करण्याची तरतूद आहे.

याची चोरीशी तुलना करून पाहावी. भारतीय दंड संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती; किमान मुदत नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी असेल आणि तो माल वा त्याचे मूल्य परत केले, तर समाजसेवेची शिक्षा होते. उपाशी मनुष्याने दुकानातून पाव चोरला तर कायदा आज त्याच्याशी अधिक सौम्यपणे वागेल. तोच पाव त्याने मागून घेतला तर त्याच्यासमोर किमान एक वर्षाची स्थानबद्धता उभी राहते. ही विसंगती विधिशास्त्राच्या वर्गात चर्चिली जाण्याजोगी आहे. ती क्वचितच चर्चिली जाते.

भिक्षा आणि भीक

मराठी भाषेने मागण्याच्या प्रकारांत बारीक भेद केला आहे. संन्याशाची भिक्षा, विद्यार्थ्याची माधुकरी, देवीच्या नावाचा जोगवा, वासुदेवाचे दान आणि भिकाऱ्याची भीक हे शब्द समानार्थी नाहीत. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कथा आपण आजही अभिमानाने सांगतो. त्या विद्यार्थ्यांकडेही उपजीविकेचे दृश्य साधन नव्हते. त्यांच्यात आणि सिग्नलवर पेन विकणाऱ्या मुलात भेद होतो तो भुकेच्या प्रमाणावरून नव्हे, तर मागणाऱ्याच्या जातीवरून आणि प्रतिष्ठेवरून. हा भेद समाजाने आधी केला, कायद्याने नंतर लिहिला.

जन्मजात संशय

गाणे, नाच, भविष्यकथन व कसरती यांचा व्याख्येतील उल्लेख वाचताना महाराष्ट्रातील अभ्यासकास डोंबारी, कोल्हाटी, नंदीवाले, बहुरूपी, जोशी या भटक्या जमाती आठवल्याखेरीज राहत नाहीत. ज्या कलांवर त्यांची पोटे भरत, त्यांनाच येथे भीक मागण्याचे 'निमित्त' ठरविले आहे. या दृष्टिकोनाचा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे. ब्रिटिश शासनाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला व पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू केला. एखाद्या जमातीत जन्मलेल्या सर्वांनाच गुन्हेगार मानून हजेरी लावावयास भाग पाडणारा हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु १९५९ च्याच साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदाही झाला. जन्माधारित संशय कायद्यातून गेला. पोलीस ठाण्याच्या व्यवहारातून आणि गावाच्या मनातून तो गेला नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही आत्मकथने अभ्यासक्रमांत आली. त्यांवर प्रश्नपत्रिकाही निघाल्या. तथापि, साहित्याच्या तासाला हळहळणारा वाचक दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा निराळाच विषय आहे.

राईनपाडा, १ जुलै २०१८

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण होते. भिक्षा मागून जगणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या सुमारास मोबाईलवरून पसरल्या होत्या. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तेथे ठार मारले.

या घटनेचे विवेचन बहुधा अफवा आणि समाजमाध्यमे यांच्याभोवती फिरले. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बाजाराच्या गर्दीत परगावचे लोक आणखीही असणार. संशय मात्र झोळी घेतलेल्यांवर आला. अफवेला चेहरा लागतो, आणि तो शतकभर आधीच तयार करून ठेवलेला होता. मारहाण होताना पाहणाऱ्यांनी ती थांबविली नाही, यास केवळ उदासीनता म्हणून चालणार नाही. समोरचा मनुष्य आपल्या नैतिक परिघाबाहेरचा आहे, ही समजूत आधी पक्की झालेली असल्यावाचून असे पाहत राहणे शक्य होत नाही.

कागदाबाहेरची माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार देशात भिकारी व निराश्रित भटके यांची संख्या सुमारे ४ लाख १३ हजार होती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला. परंतु त्यासाठी शिधापत्रिका हवी आणि शिधापत्रिकेसाठी बहुधा पत्ता. ज्याचा पत्ताच पाल उचलले की बदलतो, त्याची भूक हक्काच्या यादीत येण्यापूर्वी पोलिसांच्या यादीत येण्याचा संभव अधिक. प्रवेश समितीवर काम केलेल्या प्राध्यापकांना याचेच दुसरे रूप परिचयाचे आहे. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या विद्यार्थ्यास जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांच्या आजोबांना कोणत्याही गावाने तीन रात्रींहून अधिक थारा दिला नाही, त्यांच्या नातवाकडे आपण त्या गावाचा कागद मागतो आणि तो नसल्यास अर्ज 'अपूर्ण' म्हणून बाजूला ठेवतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो, आणि म्हणूनच ही उदासीनता ओळखू येत नाही.

न्यायालयीन भूमिका व सद्यःस्थिती

मुंबईचा भिक्षाविषयक कायदा दिल्लीलाही लागू होता. राईनपाड्याच्या घटनेनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, ८ ऑगस्ट २०१८ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने 'हर्ष मंदर विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात त्यातील भिकेस गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. लोक भीक हौसेने मागत नाहीत, जगण्याचा तो त्यांचा अखेरचा मार्ग असतो, असा निकालाचा आशय होता. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील अशाच कायद्याबाबत तोच मार्ग अनुसरला. करोनाकाळात चौकांतील भिकाऱ्यांना हटविण्याची मागणी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली, तेव्हा ती मान्य करण्यास न्यायालयाने नकार दिला. हा सामाजिक-आर्थिक प्रश्न असून त्याकडे अभिजनांच्या दृष्टीने पाहता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

ज्या राज्यात हा कायदा जन्मला, तेथे तो रद्द झालेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भिक्षेकरी गृहातील व्यक्तींना कामाबद्दल मिळणारा मोबदला दरमहा ५ रुपयांवरून दररोज ४० रुपये केला. सुधारणा स्वागतार्ह आहे. महिन्याला ५ रुपये हा दर कित्येक दशके कोणाच्याही नजरेस खटकला नव्हता, ही नोंद मात्र तिच्यासोबतच करावी लागते.