मोड आलेली मेथी आणि आपली किडनी

मोड आलेली कडधान्यं पौष्टिक, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. आधी दोष स्पेनच्या काकड्यांना दिला गेला, मग तपासात बोट गेलं मेथीच्या कच्च्या मोडांकडे! 800 हून अधिक जणांच्या किडनीवर परिणाम झाला, 50 हून अधिक रुग्ण दगावले.

असं का होतं? जिवाणू आतड्यात राहतो, पण त्याचं ‘शिगा’ विष रक्तातून किडनीपर्यंत पोहोचतं. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींत शिरून ते प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं. पेशी मरतात, गुठळ्या होतात, किडनी काम थांबवते. एरवी पाच वर्षांखालच्या मुलांना हा धोका जास्त असतो.

मग काय कराल?

• मोड वाफवून किंवा उसळ करूनच खा.
• दूध उकळा, मांस आतपर्यंत शिजवा.
• शौचातून रक्त पडलं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा.
• मनानेच अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नका. त्याने धोका वाढू शकतो.

उसळ शिजायला दहा मिनिटं जास्त लागतील. लागू द्या!