लॅपटॉप कशाची वाट पाहतो?

कालपर्यंत बरा चालणारा लॅपटॉप आज सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेतो. माउसचा बाण हलतो, पण फाइल उघडत नाही. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर मागाहून उमटतात. अशा वेळी घरातल्या घरात निदान होते: ‘व्हायरस शिरला असेल’, नाही तर ‘आता जुना झाला’. दुकानात उपाय तयार असतो: ‘फॉरमॅट मारून देतो’. कधी कधी त्याने काम भागतेही. पण दोष हार्ड डिस्कमध्ये, पंख्यात किंवा चार्जरमध्ये असेल तर पैसे जातात, जपून न ठेवलेल्या फाइली जातात आणि आठवडाभरात लॅपटॉप पुन्हा तसाच रखडू लागतो.

प्रोसेसरचा वेग वयाबरोबर उतरत नाही. त्याचे ठोके क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर बांधलेले असतात. पाच वर्षांपूर्वी सेकंदाला दोनशे कोटी ठोके देणारी चिप आजही तेवढेच देऊ शकते. त्यामुळे लॅपटॉप अचानक मंदावला तर शक्यता तीनच उरतात. प्रोसेसर कुणाची तरी वाट पाहत बसला आहे, किंवा त्याला मुद्दाम हळू चालायला लावले आहे, किंवा तो तुमचे सोडून दुसऱ्याच कुणाचे काम करतो आहे. यांपैकी काय घडते आहे, याचा अंदाज दोन मिनिटांत येतो आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे रकाने असतात आणि प्रत्येकावर टक्केवारी असते. लॅपटॉप रखडत असतानाच, काहीही बंद न करता, हे आकडे पाहायचे. शंभराला टेकलेला रकाना कोणता, यावर पुढचे सगळे ठरते.

डिस्क शंभरावर

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा डिस्कचाच रकाना लाल होतो. चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की डिस्क शंभर टक्के कामात असताना वाचण्या-लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा दिसत नाही. याचे कारण हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. लॅपटॉपमधली नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला साधारण साठच वाचने. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर टोकाला फारसे हलावे लागत नाही आणि हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबी सहज देते. पण विंडोज सुरू होताना डिस्कभर विखुरलेले हजारो बारीक तुकडे गोळा करायचे असतात. ४ केबीचे साठ तुकडे म्हणजे सेकंदाला जेमतेम २४० केबी.

इतर भागांच्या तुलनेत हा काळ किती मोठा आहे? रॅममधून माहिती यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. हा काळ ताणून एक सेकंदाचा केला, तर एसएसडीचे उत्तर साधारण सतरा मिनिटांनी येईल आणि हार्ड डिस्कचे जवळपास दोन दिवसांनी. प्रोसेसर बिचारा तोवर रिकामा. म्हणूनच हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की जुन्या लॅपटॉपमध्ये एवढा फरक पडतो. नव्या प्रोसेसरनेही तो पडत नाही.

मंदपणा अचानक आला असेल तर आधी एक साधी शंका घ्यावी: विंडोजचे अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींची शोधसूची ही तिन्ही कामे एकदम निघाली आहेत का? महिनाभर बंद ठेवलेला लॅपटॉप उघडला की असे हमखास होते. चार्जर लावून, झाकण उघडे ठेवून, एक रात्र त्याला ही कामे उरकू द्यावीत. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढावा, कारण एकाने उघडलेली फाइल दुसराही तपासत बसतो.

दुसऱ्या दिवशीही तीच गत असेल तर डिस्कच्या तब्येतीकडे वळावे. एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि तेवढा वेळ सगळा लॅपटॉप गोठतो. डिस्क स्वतःच्या चुकांची नोंदही ठेवते. या नोंदीच्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. तिथे रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्यावरून वर चढला असेल, तर दुरुस्तीचा विचार नंतर, फाइलींची दुसरी प्रत आधी. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॅनमध्ये पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार प्रमुख निकषांवर आधी कसलाच इशारा दिला नव्हता. अहवाल स्वच्छ आहे म्हणून बॅकअप टाळण्यात शहाणपण नाही.

एसएसडी असलेला लॅपटॉपही मंदावतो, विशेषतः ती काठोकाठ भरली की. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत छोट्या पानावर लिहिता येते, पण पुसायचा तो मोठा ठोकळाच. रिकामे ठोकळे संपले की प्रत्येक नव्या लेखनाआधी जुनी पाने हलवून ठोकळा पुसणे आले. दहा-वीस टक्के जागा मोकळी ठेवली की ही ओढाताण टळते.

मेमरी भरली की

रॅम अपुरी पडली तर संगणक डिस्कचाच एक भाग रॅम म्हणून वापरतो. ही युक्ती साठ वर्षांहून जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या गटाने उभारलेला अ‍ॅटलस संगणक १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची मुख्य स्मृती १६ हजार शब्दांची होती आणि फिरत्या चुंबकी ड्रमवर आणखी ९६ हजार शब्द मावत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ही सगळी एकच सलग स्मृती भासावी, अशी त्याची रचना होती. आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये हीच कल्पना नांदते.

तिची किंमत पुढच्या दशकभरात लक्षात आली. एका वेळी खूप प्रोग्रॅम चालवले की संगणक हळूहळू मंदावण्याऐवजी एकाएकी कोसळत. प्रत्येक प्रोग्रॅमला त्या त्या क्षणी लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. सगळे संच मिळून रॅममध्ये मावत नसतील, तर एकासाठी पान आणताना दुसऱ्याचे बाहेर फेकावे लागते आणि लगेच तेच परत आणावे लागते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची मीमांसा केली. तिला थ्रॅशिंग म्हणतात. काल पंधरा टॅब उघडूनही ठीक चाललेला लॅपटॉप आज सोळाव्या टॅबला का बसतो, याचे उत्तर त्यात आहे: इथे उतार नसतो, कडा असतो.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम ही अधिकृत किमान गरज आहे. पण तेवढ्यात ब्राउझर, व्हिडिओ मीटिंग आणि एक्सेल एकत्र उघडले की तो कडा जवळ येतो. मेमरी नव्वदीच्या वर आणि डिस्कही शंभराजवळ, अशी जोडी दिसली तर थ्रॅशिंग ओळखावे. यावर खरा उपाय म्हणजे रॅम वाढवणे किंवा उघडलेले कमी करणे. ‘रॅम साफ करून देतो’ म्हणणारे प्रोग्रॅम वापरातली पानेच डिस्कवर ढकलतात आणि क्षणभर आकडा उतरलेला दाखवतात.

स्वतःला जपणारी चिप

प्रोसेसरला मुद्दाम हळू करणारी गोष्ट म्हणजे उष्णता. लॅपटॉपच्या अनेक प्रोसेसरना सुमारे १०० अंश सेल्सिअसची मर्यादा असते. ती जवळ आली की चिप आपला वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवते. विजेचा खर्च वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ही मात्रा लागू पडते. चिप वाचते, तुमचे काम मात्र रेंगाळते.

चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून पंख्यापर्यंत जाते. नळीत हवा काढून थोडेसे पाणी ठेवलेले असते. चिपजवळ त्याची वाफ होते, थंड टोकाला ती निवते आणि पाणी नळीच्या आतल्या जाळीतून परत येते. हे सगळे बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. खोलीत २५ अंश असतील तर १०० अंशांच्या चिपमध्ये आणि हवेत ७५ अंशांचे अंतर असते. ४२ अंश असतील तर ५८. अंतर घटले की तोच पंखा जवळपास पाऊण भागच उष्णता बाहेर काढतो. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी ते कसे पाळायचे, हा प्रश्नच आहे. त्यात जाळीवर धुळीचा थर आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला. लॅपटॉप टेबलावर घ्या, मागची धार थोडी उचला, पंखा साफ करून घ्या. चार-पाच वर्षे झाली असतील तर चिपवरची वाळलेली थर्मल पेस्टही बदलायला सांगा.

आता एक फसवी खूण. लॅपटॉप थंड आहे, डिस्क आणि मेमरी शांत आहेत, तरी सगळे असह्य मंद. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूचा वेग पाहा. तो ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर खिळलेला असेल तर संशय चार्जरवर घ्यावा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जर आपली क्षमता एका वेगळ्या तारेने कळवतो. ती तार पिनजवळ तुटली, किंवा चार्जर डुप्लिकेट असला, की मदरबोर्ड पुरेशी वीज मिळेल असा भरवसा धरत नाही आणि प्रोसेसरला किमान वेगावर आणून ठेवतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि नंतर दुसरा योग्य चार्जर लावून पाहावा. नुसत्या बॅटरीवर वेग परत आला, तर दोष बहुधा चार्जरचाच असतो.

दुसऱ्याचे काम

सीपीयूच शंभरावर असेल तर कोणता प्रोग्रॅम तो खातो आहे, हे यादीत सर्वांत वर दिसते. अपडेट किंवा अँटिव्हायरस असेल तर वाट पाहा. अनोळखी नाव असेल, किंवा एखादे संकेतस्थळ उघडताच पंखा ओरडू लागत असेल, तर तुमच्या विजेवर दुसऱ्या कुणासाठी क्रिप्टो नाणी तयार होत असण्याची शक्यता आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनसह अनेक देशांतल्या चार हजारांहून अधिक संकेतस्थळांवर, सरकारी संकेतस्थळांवरही, असा छुपा प्रोग्रॅम सापडला होता. ब्राउझरमधली अनावश्यक एक्स्टेन्शन काढणे आणि विंडोजच्याच डिफेंडरने ऑफलाइन तपासणी करणे, ही इथली पहिली पायरी.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत, मग एकदा पूर्ण रीस्टार्ट, मग पुन्हा रखडला की तीन रकाने, मग डिस्कचा अहवाल, तापमान आणि चार्जर. यातून उलगडा झाला नाही तर दुरुस्तीला जरूर न्या, पण ‘स्लो झालाय’ एवढेच सांगून हातात देऊ नका. कोणता रकाना शंभरावर होता, वेग किती गिगाहर्ट्झ दिसत होता, त्रास चार्जर लावल्यावर होतो की बॅटरीवर, हे लिहून द्या. नवा लॅपटॉप घ्यायचा की नाही, हा निर्णय त्यानंतरचा.